काळ्या तुकड्यावरची उगवण

"उगलं काय वं?"

आमच्या प्रयोगशाळेत सकाळी मी आत आले की हा प्रश्न यायचा. विचारणारा आमचा सीनिअर दादा. सावनेरचा, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आलेला, आणि बोलल्याशिवाय ज्याची साधी काचनळीही धुऊन होत नाही असा. मी "नाही" म्हणायचे. मग तो म्हणायचा, "पेरलं तरी होतं काय?" शेजारच्या टेबलावर काम करणारी उमरेडची ताई फिस्सकन हसायची, आणि मी ॲप्रन चढवून कामाला लागायचे.

उगवायचं काय होतं ते सांगते. माझ्याकडे सिलिकॉनचे नखाएवढे चौकोनी तुकडे होते आणि त्यांच्यावर कार्बनच्या नळ्या उभ्या होत्या. एका केसाच्या जाडीत हजारो मावतील इतक्या बारीक. प्रत्येक नळी एका टोकाने तुकड्याला घट्ट धरून उभी. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही, फक्त काळा रंग दिसतो. पण तसा काळा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्यावर उजेड पडला तरी चमकत नाही, कागदाला चौकोनी भोक पडल्यासारखं वाटतं. चुकून बोट लागलं तर तिथल्या नळ्या आडव्या होतात आणि पुन्हा उठत नाहीत. हे तुकडे दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेने बनवून पाठवले होते, ते मोजकेच होते, आणि आणखी मिळणार नव्हते.

या नळ्यांच्या अंगावर मला पॉलिमर वाढवायचं होतं. पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकाला एक जोडून झालेली लांब साखळी. प्लास्टिक त्याचंच असतं. ते नळ्यांवर आणण्याचे दोन मार्ग आहेत. एक सोपा: साखळ्या बाहेर तयार करायच्या आणि नळ्यांवर ओतायच्या. त्या चिकटतात, पण धुतल्या की निघून जातात. दुसरा मार्ग लांबचा आहे. आधी नळीच्या अंगावर एक छोटा रेणू पक्का बसवायचा, भिंतीत खुंटी ठोकावी तसा. मग त्या खुंटीपासून साखळी एकेक कडी जोडत वाढवायची. अशी साखळी कितीही धुतली तरी सुटत नाही, कारण ती नळीचाच भाग झालेली असते. पहिल्या मार्गाने पॉलिमर चिकटतं, दुसऱ्याने उगवतं. माझी सगळी पीएचडी या दोन क्रियापदांच्या मधल्या फरकावर उभी होती.

फेब्रुवारीत ते उगवलं होतं. एकदा नाही, दोनदा. साध्या काळ्या तुकड्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो मोत्यासारखा गोल राहतो. माझ्या तुकड्यावर थेंब ठेवला आणि तो हळूहळू पसरला, कारण मी लावलेल्या साखळ्यांना पाणी आवडतं. मी ड्रॉपर हातात धरून तशीच उभी राहिले. कुणाला हाक मारली नाही. मग बेसिनपाशी गेले आणि धुतलेलीच काचभांडी परत धुतली. आनंद झाला की मला काहीतरी धुवावंसं वाटतं. दुपारी सरांना सांगितलं. त्यांनी मोजमापांचे दोन आलेख पाहिले आणि आमच्या लेखाच्या मसुद्यात ते घालायला सांगितले. माझ्या आयुष्यातला तो पहिला लेख होणार होता.

मी प्रयोगशाळेत फार बोलत नव्हते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी. त्यामुळे विज्ञान मला इंग्रजीत येतं आणि भाजी घेणं मराठीत. या दोन्हींच्या मधलं काही बोलायची वेळ आली की मी गप्प बसते. दादा आणि ताई मराठी शाळांतून आलेले. रसायनं असोत की राजकारण, सगळ्यावर ते एकाच सुरात बोलायचे, आणि मला त्याचा हेवा वाटायचा. माझ्या गप्प राहण्याला ते आधी गर्व समजले. म्हणून दादाने माझं नाव "मॅडम" ठेवलं. पुढे त्यातला टोमणा कमी झाला, नाव राहिलं.

होळी झाली आणि खिडकीत कूलर लागला.

हा कूलर म्हणजे दादाची मालमत्ता असल्यासारखंच होतं. एसी फक्त मोठी यंत्रं होती त्या खोलीत होता, माणसांसाठी नव्हता. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून कधीतरी हा लोखंडी कूलर घेतला होता, आणि दरवर्षी त्याच्या तिन्ही बाजूंच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या दादा स्वतः बदलायचा. टाकी घासायचा, पंपातला गाळ काढायचा, आणि पहिल्यांदा बटण दाबून गार हवेचा झोत आला की त्यासमोर हात पसरून उभा राहायचा. "पाह्य, मॅडम. काश्मीर." खरंच, खोली गार व्हायची. ओल्या खसाचा वास दिवसभर कपड्यांना यायचा. बाहेर ऊन असं असायचं की पार्किंगमधल्या स्कूटरच्या हँडलला हात लावता येत नसे, आणि आत आम्ही सुखाने काम करायचो.

एप्रिलपासून माझं उगवणं थांबलं.

पहिल्यांदा मला वाटलं, तुकडा खराब असेल. दुसऱ्यांदा मी सगळी रसायनं नवीन काढली. तिसऱ्यांदा नायट्रोजनचा फुगा बदलला, कारण हवेतला ऑक्सिजन आत गेला तर साखळी वाढत नाही. प्रत्येक वेळी थेंब ठेवला की तो गोल. छान, टपोरा, मोत्यासारखा गोल. मला त्या आकाराचा राग यायला लागला.

"उगलं काय वं?"

"नाही."

"अवं, खत टाक थोडं," ताई म्हणाली. "यूरिया देऊ काय?"

मे महिन्याच्या सुरुवातीला सरांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. सर रागावत नाहीत. चष्मा काढून पुसतात, आणि ते पुसणं लांबलं की समजायचं. त्या दिवशी ते बराच वेळ पुसत होते.

"फेब्रुवारीतलं जे होतं," ते म्हणाले, "ते उगवलेलं होतं याची तुम्हाला खात्री आहे?"

"हो, सर."

"कारण तेव्हा नीट धुतलं गेलं नसेल तर नुसतं चिकटलेलं पॉलिमरही तसंच दिसेल. थेंब पसरेल."

धुतलं होतं मी. पण किती वेळ धुतलं, हे त्यांच्यासमोर सांगताना माझा आवाज असा निघाला असता की खोटं वाटलं असतं.

"जे पुन्हा होत नाही ते छापता येत नाही," सर म्हणाले. "ते दोन आलेख सध्या मसुद्यातून काढा. आणि तीन तुकडे उरलेत ना? महिनाअखेरीपर्यंत तुमचं जमलं तर ठीक, नाहीतर ते याला द्या." त्यांनी दादाकडे पाहिलं. दादाला त्याच नळ्यांवर वायू ओळखणारा सेन्सर बनवायचा होता. तो खाली पाहत होता. दादा गप्प बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आलेख मी त्याच दिवशी काढले. दोन क्लिक लागले. तुकडे जातील याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. मी उगवलेल्या गोष्टीला कुणीतरी चिकटलेली म्हणालं होतं, आणि ते खोटं आहे हे मला दाखवता येत नव्हतं.

यानंतरच्या आठवड्यात मी प्रयोग केलाच नाही. नुसती बसून पाहत राहिले. न बोलणाऱ्या माणसाला पाहायला वेळ भरपूर मिळतो. तुकडे आम्ही एका काचेच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवायचो. त्याच्या तळाशी निळे खडे असतात. ते हवेतला ओलावा पितात, आणि पिऊन भरले की गुलाबी होतात. मग ओव्हनमध्ये तापवून परत निळे करायचे. हे काम माझ्याकडे होतं. पावसाळ्यात ते सारखं करावं लागतं, म्हणून जून लागला की आमच्याकडे ओलाव्याचा पहारा सुरू व्हायचा: बाटल्यांना टेप, दारापाशी सूचना, सरांची रोजची चौकशी. मे महिन्यात असलं काही कुणी पाळत नसे. कशाला पाळेल? नागपूरचा मे. ओठ फाटतात, धुतलेली ओढणी दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते.

पण त्या आठवड्यात मी खडे तापवून निळे केले, आणि झाकण उघडताना शिरणाऱ्या हवेनेच ते दोन दिवसांत गुलाबी झाले.

मी त्या भांड्याकडे पाहत उभी राहिले. बाहेर सगळं करपत होतं आणि काचेच्या आत पावसाळा होता. मग मान वळवली. खिडकीत कूलर धडधडत होता, खसातून पाणी गळत होतं, आणि झोत सरळ माझ्या हूडच्या दिशेने येत होता. हूड म्हणजे धूर ओढून बाहेर फेकणारं काचेचं कपाट. विषारी रसायनं त्यातच उघडायची. ते कपाट हवा ओढतं कुठून? खोलीतून. आणि खोलीतली हवा कूलरची.

खुंटी बसवायला मी जे रसायन वापरत होते त्याला पाण्याचं वावडं आहे. पाण्याची नुसती वाफ लागली तरी ते नळीला धरायचं सोडून पाण्याशीच संसार थाटतं आणि कामातून जातं. ओलसर हवेत बाटली उघडली की पांढरा धूर निघतो, तो याचाच. एप्रिलपासून तो धूर जास्त निघत होता. मी तो दर वेळी पाहत होते, आणि नवी बाटलीही खराब निघाली असं समजत होते. मी बाकी सगळं कोरडं केलं होतं, काच, द्रव, फुगा. हवा कोरडी आहे असं धरून चालले होते, कारण नागपुरात मे महिन्यात हवा कोरडी असते हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं.

रविवारी सकाळी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं, कूलर बंद होता. नियमाप्रमाणे वॉचमनला सांगून गेले, हूड सुरू केला, बाटली उघडली. धुराची एक बारीक रेघ निघाली आणि विरली. मी झाकण लावलं. मग कूलर सुरू केला, थोडा वेळ थांबले, आणि परत उघडली. पांढरा ढग बाटलीच्या तोंडावर बसला आणि हलेना.

आता हे सांगायचं कसं? माझ्या कल्पनेतलं वाक्य काहीही केलं तरी एकच होत होतं: मे महिन्यात कूलर बंद करा. आणि ते दादाला म्हणायचं होतं.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये, दादा आणि ताईसमोर, मी ते म्हणाले. "सर, मला वाटतं कूलरमुळे होतंय."

"कूलरनं काय केलं बाप्पा तुझं?" दादा म्हणाला.

मी इंग्रजीत समजावायला लागले. सगळं बरोबर बोलत होते. पण पुस्तक वाचून दाखवल्यासारखं, भराभर, खाली मान घालून. सरांनी मध्येच विचारलं, "मे महिन्यात, नागपुरात, ओलावा?" आणि ताई हसली. वाईट हेतूने नाही. कुणालाही हसू येईल असंच ते होतं.

मी थांबले. दादाकडे पाहिलं.

"दादा, परवा तुमचा चिवडा काय झाला होता?"

"सादळला होता. काहून?"

"कुठे ठेवला होता?"

"टेबलावरच तं. कूलरपा..." तो थांबला.

"तसंच," मी म्हणाले. "माझं रसायन सादळतं."

सरांनी चष्मा घातला. "बाहेरची हवा कोरडी आणि आतली ओली," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हे पटण्यासारखं आहे. पण पटणं वेगळं. दाखवणार कसं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. रविवारची पूर्ण दुपार मी त्यावर घालवली होती. "एक तुकडा मधोमध तोडायचा, सर. अर्ध्या भागाला कूलर चालू असताना खुंट्या बसवायच्या, अर्ध्याला बंद असताना. मग दोन्ही एकाच भांड्यात, एकाच द्रवात वाढवायचे. म्हणजे तुकडा वेगळा होता, रसायन वेगळं होतं, असं कुणी म्हणू शकणार नाही. आणि शेवटी दोन्ही दिवसभर उकळत्या द्रावकाने धुवायचे. चिकटलेलं असेल तर निघून जाईल."

"अवं, तीन तं उरले अन् तू त्यातला एक तोडून राहिली?" दादा कळवळून म्हणाला. तुकडे त्याचेही होणार होते, हे मला समजत होतं.

"तोडा," सर म्हणाले.

हिऱ्याच्या टोकाची एक लेखणी असते. तिने तुकड्याच्या मागच्या बाजूला रेघ ओढायची आणि हलका दाब द्यायचा. आवाज बोटं मोडल्यासारखा येतो. माझ्या तुकड्याने तो आवाज केला आणि बरोबर दोन भाग झाले. काठावरच्या काही नळ्या पडल्या, बाकी उभ्या राहिल्या. एकाच्या पाठीवर एक रेघ ओढली, दुसऱ्याच्या पाठीवर दोन. ताई श्वास रोखून पाहत होती. "माय वं," ती म्हणाली, "माझी तं हिंमतच नसती झाली."

एक रेघवाल्याच्या खुंट्या मी सकाळी बसवल्या, कूलर जोरात चालू ठेवून. दुपारी जेवणं झाल्यावर मी कूलरपाशी गेले. दादा बटणावर हात ठेवून उभा होता.

"पक्कं?"

"पक्कं."

"एखादा मेला तं तुझ्या नावानं लिहून ठेवतो."

त्याने बटण दाबलं. पंखा फिरत फिरत थांबला. आवाज गेल्यावर खोली इतकी शांत झाली की नळाची गळती ऐकू यायला लागली. मी टाकीतलं पाणी सोडून दिलं, ओल्या ताट्या काढून बाहेर उन्हात ठेवायला लावल्या, आणि सगळी दारं-खिडक्या उघडल्या. बाहेरची झळ आत आली, घरात पाहुणे यावेत तशी, सामानासकट.

उघड्या बशीत ठेवलेले निळे खडे मी तासाभराने पाहिले. निळेच होते. तोपर्यंत खोलीचं जे व्हायचं ते झालं होतं. ताईच्या भांड्यातलं ईथर उकळायला लागलं. "माझं ईथर उडून राहिलं!" करत तिने बर्फ आणायला धाव घेतली. येताना ती दुपट्टा ओला करून डोक्यावर घेऊन आली.

"ताई, तो दुपट्टा आत नको."

"काय?"

"ओला आहे. हूडजवळ नको."

ती दारात उभी राहिली. मग दादा आला, पाण्याचा भरलेला माठ दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"दादा, माठही बाहेर."

"अरे! आता माणसानं पाणीही नाही प्यायचं?"

"बाहेर प्या ना."

"अन् घाम येऊन राहिला, त्याचं काय करू? त्यालेही बाहेर ठेवू?"

"लांब उभे राहा," मी म्हणाले.

मला आठवतं, हे म्हणताना माझा आवाज साधा होता. लाजत नव्हते, चिडतही नव्हते. दोघं निमूटपणे व्हरांड्यात गेले आणि जमिनीवर बसून दाराच्या चौकटीतून माझ्याकडे पाहत राहिले. दादा अधूनमधून म्हणायचा, "हुकूमशाही आली बे," आणि तरी घरी गेला नाही. दोघांनाही सुट्टी घेता आली असती.

मी दुहेरी हातमोजे घातले होते, चष्म्याच्या आत घाम उतरत होता. बाटली उघडली. धूर नाही. रेघसुद्धा नाही. रविवारपेक्षाही कोरडं होतं. ज्या उन्हाला आम्ही सगळे वर्षानुवर्षं शिव्या देत आलो ते खोलीभर पसरून माझं काम करत होतं. परदेशातल्या प्रयोगशाळा अशी कोरडी हवा मिळवायला बंद पेट्या आणि यंत्रं विकत घेतात. आम्हाला फक्त एक बटण बंद करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही अर्धे तुकडे एकाच भांड्यात टांगले आणि साखळ्या वाढायला ठेवल्या. त्याच्या पुढच्या दिवशी धुणं. त्यासाठी काचेचं एक उभं उपकरण असतं. त्यात द्रावक खाली उकळतं, वर जाऊन थंड होतं, तुकड्यांवर पडतं, भरलं की खाली रिकामं होतं, आणि पुन्हा. मी सकाळी दार उघडल्याबरोबर ते सुरू केलं आणि संध्याकाळी बंद केलं. मध्ये सर दोनदा येऊन पाहून गेले. मी त्यांच्या येण्याची वाट पाहत होते, हे आता लिहायला हरकत नाही. किती धुतलं हे यावेळी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं असं मला वाटत होतं.

तुकडे वाळल्यावर थेंब ठेवला. पाठीवर एक रेघ असलेल्यावर तो गोल राहिला. दोन रेघांवाल्यावर ठेवला आणि त्याने पाय पसरले. फेब्रुवारीतल्यापेक्षा लवकर, न थांबता, काठापर्यंत.

"उ..." दादाने सुरुवात केली आणि माझ्याकडे पाहून पुढचा प्रश्न गिळला. "पुन्हा ठेव बरं एक," तो म्हणाला. मी दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवला. तोही पसरला. ताईने माझ्या पाठीत धपकन मारलं. मला बेसिनकडे जावंसं वाटत होतं, पण ताईने दंड धरून ठेवला होता.

घरी जाऊन आईला सांगितलं. ती टपाल खात्यात आहे. रसायनशास्त्राशी तिचा संबंध दहावीला सुटला. मी तिला नळ्या, खुंट्या, साखळ्या सगळं सांगितलं, मराठीत, पहिल्यांदाच. तिने मन लावून ऐकलं. मग मावशीला फोन लावला. मावशी बुटीबोरीला राहते. मी स्वयंपाकघरात पोळ्या शेकत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"अवं, हिनं पूर्ण डिपार्टमेंटचा कूलर बंद करायले लावला! ... मेमधे वं! ... हो, आपलीच. ऑटोवाल्याले थांब म्हणत नाही ते. ... नाही, सरही काही नाही बोलले. सगळे बाहेर बसले व्हरांड्यात अन् ही एकटी आत. ... कशासाठी काय? ते शास्त्राचं आहे, तुले नाही समजणार."

मी ते दुरुस्त करायला गेले नाही. तिने मुद्द्याचंच सांगितलं होतं.

शेवटचा पुरावा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा. ते यंत्र शहरातल्या दुसऱ्या संस्थेत आहे आणि तिथे नंबर लावावा लागतो. दादाचेही नमुने होते, म्हणून आम्ही त्याच्या गाडीवर गेलो. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी आधी एक रेघवाला अर्धा भाग लावला. पडद्यावर बारीक, उघड्या नळ्या दिसल्या. ओल्या होऊन वाळल्या की त्या केसांच्या बटांसारख्या एकमेकींना धरतात, तशा पुंजक्यांनी उभ्या. मग दुसरा लावला. बाईंनी चित्र स्पष्ट केलं आणि माझ्या तोंडून "अं" असा काहीतरी आवाज निघाला. प्रत्येक नळी जाड झाली होती. वरपासून खालपर्यंत, सारख्या जाडीचं अंग धरलेली. त्यांचेही पुंजके होते, पण त्यात एकही नळी उघडी नव्हती. चिकटलेलं पॉलिमर असं दिसत नाही. ते गोळ्यागोळ्यांनी साचतं, कुठे ढीग, कुठे काहीच नाही. हे उगवलेलं होतं.

दादा माझ्या खुर्चीमागे उभा होता. तो म्हणाला, "एकाच भांड्यातले आहेत हे दोघं, कोणी मानणार नाही."

"म्हणूनच एका भांड्यात ठेवले," मी म्हणाले.

दादाला घेऊन केबिनमध्ये गेले आणि सरांसमोर दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवली. त्यांनी ती मोठी करून पाहिली, मोजपट्टीचा आकडा पाहिला, जाडी स्वतः परत मोजली. चष्मा काढला नाही.

"धुणं मी पाहिलंच," ते म्हणाले.

"हो, सर."

"हे उगवलेलं आहे."

मी थांबले. मला आणखी एक गोष्ट हवी होती आणि ती मागावी लागणार होती. "आणि फेब्रुवारीतलं, सर? तेव्हा कूलर नव्हता."

ते किंचित हसले. "तेही उगवलेलंच होतं. मी चुकीची शंका घेतली असं नाही म्हणणार, शंका घ्यायलाच हवी होती. पण ते उगवलेलं होतं. आलेख परत आत घ्या. आणि उरलेले दोन तुकडे तुमच्याकडेच राहू द्या. याच्यासाठी मी त्या संस्थेला पुन्हा विनंती करतो." दादाने बाहेर येऊन काचेच्या भांड्यातली त्या दोन तुकड्यांची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "माझा सेन्सर करताना तू माझ्या हूडपाशी उभी राह्यजो. सादळायचं काही असलं तं सांगजो."

आलेख मी लगेच परत घातले. मग कृतीचा भाग लिहायला घेतला. त्यात आम्ही नेमकं काय केलं ते लिहायचं असतं, म्हणजे जगात कुणालाही ते तसंच पुन्हा करता येईल. तापमान लिहिलं, वेळ लिहिली, द्रावक लिहिलं. मग एक वाक्य लिहिलं: खुंट्या बसवताना खोलीतला पाण्याचा कूलर बंद ठेवावा आणि त्याच्या ताट्या बाहेर काढाव्यात. इंग्रजीत ते फारच विचित्र दिसत होतं. ताट्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला शोधावं लागलं. इतके लेख वाचले, पण असं वाक्य मी कुठेच वाचलेलं नव्हतं. सर ते काढतील असं वाटून मी मसुदा त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी लाल पेनने वरची दोन वाक्यं एक केली, खालचं एक छाटलं. कूलरच्या वाक्यावर पेन थांबलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि तसंच ठेवून पुढच्या वाक्यावर गेले.